जुन्या गाडीचा पंप आणि नोझलवरचा आकडा

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेले काही महिने आपल्या अंकात इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर, म्हणजे उसापासूनही होणारं अल्कोहोल मिसळलेल्या पेट्रोलवर, वाचकांची पत्रं येत आहेत. कुणी लिहितं, आमच्या गाड्यांची वाट लागली. कुणी लिहितं, ऊसवाल्याच्या पोटावर पाय देऊ नका. मला दोन्ही बाजूंचं पटतं, कारण मी दोन्ही घरांतली आहे. शिरोळ तालुक्यात आमची थोडी शेती आहे, चुलते बघतात, ऊस कारखान्याला जातो. वडिलांचा कोल्हापुरात उद्यमनगरात लेथचा गाळा होता आणि बारावीपर्यंत माझी प्रत्येक सुट्टी त्या गाळ्यात गेली. आता मी इंग्लंडमध्ये ॲबिंग्डन गावी राहते, एका शाळेच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करते. मध्यंतरी माझ्या जुन्या गाडीतला पेट्रोल खेचणारा पंप बदलला. त्या दोन-तीन शनिवारांत जे पाहिलं ते आपल्या वाचकांना सांगावंसं वाटलं, म्हणून हे पत्र. थोडं लांबलं आहे, पण कृपया छापावं.

गाडी १९६९ सालची एमजीबी. भारतात २०१९ पासून एमजी नावाच्या ज्या मोठ्या गाड्या दिसतात, त्यातली ही नव्हे. ही दोन माणसांची, बुटकी, कापडी टपाची गाडी. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, मूळ ऑक्सफर्डचं. १९६२ ते १९८० या काळात या गाड्या याच ॲबिंग्डनमध्ये बनल्या, सगळे प्रकार धरून पाच लाखांहून जास्त. ऑक्टोबर १९८० मध्ये कारखाना बंद झाला. गावात त्या कारखान्यात काम केलेली माणसं आजही भेटतात आणि गाडी उभी दिसली की थांबून बॉनेटवर हात फिरवतात. मला त्यांच्याकडे बघून उद्यमनगरातल्या जुन्या टर्नर-फिटर मंडळींची आठवण होते.

या गाडीचा पंप इंजिनाजवळ नसतो. मागच्या उजव्या चाकाच्या पुढे, गाडीच्या पोटाखाली असतो. मूठभर आकाराचा, विजेवर चालणारा, एसयू कंपनीचा. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन, १९१० साली सुरू झालेली. स्किनर घराण्याचा धंदा चपला-बुटांचा होता आणि त्यांच्या पहिल्या कार्बोरेटरमध्ये (इंजिनाला पेट्रोल आणि हवेचं मिश्रण देणाऱ्या भागात) चक्क कातड्याचा भाता होता. कोल्हापूरच्या माणसाला ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पंपाचं काम समजायला सोपं आहे. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं. चावी फिरवली की त्यात वीज जाते, लोखंडी चकती खेचली जाते आणि तिला जोडलेला पडदा पेट्रोल आत ओढतो. चकती पूर्ण खेचली गेली की पाठीमागचे पॉइंट, म्हणजे वीज जोडणारी-तोडणारी टोकं, उघडतात, वीज तुटते, स्प्रिंग पडद्याला परत ढकलते आणि पेट्रोल पुढे जातं. मग पॉइंट पुन्हा जुळतात. ज्यांनी जुन्या चेतकचे पॉइंट पॉलिश पेपरने घासले आहेत त्यांना हे लगेच कळेल. प्रत्येक फेरीला ‘टिक’ असा आवाज येतो. सकाळी चावी फिरवली की आधी भराभर टिकटिक, मग सावकाश, आणि दोन्ही कार्बोरेटरची फ्लोटची भांडी भरली की शांत. या गाडीवाल्यांचा कान त्या आवाजाला लागलेला असतो. टिकटिक थांबतच नसेल तर टाकी रिकामी आहे किंवा टाकी आणि पंपाच्या मधे कुठून तरी हवा शिरते आहे. आवाजच आला नाही तर वीज पोचत नाही किंवा पॉइंट गेले.

गेल्या वसंतात वाँटेजच्या पुढच्या चढावर गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. चावी फिरवली, आवाज नाही. इथे गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे उजव्या बाजूचा पंप नेमका रहदारीकडे येतो. ब्रेक सोडून गाडी उतारावर मागे घेतली आणि एका शेताच्या फाटकात वळवली. चटई पसरून आडवी झाले, पान्याच्या मुठीने पंपाच्या टोकाला हलकेच दोनदा ठोकलं. टिक, टिक, टिक. जळलेले पॉइंट असे ठोकल्यावर थोडा वेळ जुळतात. त्यावर घर गाठलं, पण ठोकून चालणाऱ्या पंपावर पुन्हा लांब जायचं नाही हे वडिलांनी शिकवलं होतं.

इथे माझी एक चूक झाली आणि ती सांगायलाच हवी, कारण ती कुणाच्याही हातून होईल. सुट्या भागांच्या एका दुकानात मला सांगितलं, कशाला तो जुन्या पद्धतीचा पंप घेता, हा चौकोनी घ्या, निम्म्या किमतीत, कुठल्याही गाडीला चालतो. मी घेतला, बसवला, गाडी सुरू झाली. पाच मिनिटांनी बॉनेट उघडून बघते तर पुढच्या कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकत होतं. एमजीबीच्या कार्बोरेटरना साधारण तीन पौंडांचा दाब पुरतो. त्या पंपाचा दाब त्याच्या जवळपास दुप्पट होता, त्यापुढे पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई टिकेना. आणि या इंजिनाची रचना अशी की कार्बोरेटर आणि एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारा नळ) दोन्ही डाव्या अंगाला, कार्बोरेटर वर, तापलेलं लोखंड खाली. मी चावी बंद केली आणि तिथेच उभी राहिले. हाताला कंप सुटला होता. कुठल्याही जुन्या गाडीला पंप घेताना दाब किती ते आधी विचारा. दुकानदाराला सांगता येत नसेल तर घेऊ नका.

पुढच्या शनिवारी मूळ पद्धतीचाच नवा पंप आणला. बाहेरून तोच, आत पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किट. १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबीत बॅटरीची धन बाजू अर्थिंगला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला, जोडलेली असायची, नंतरच्या गाड्यांत ऋण. जुना पॉइंटचा साधा पंप कसाही जोडला तरी चालायचा, हा नवा मात्र उलटा जोडला तर जागीच जळतो. माझी गाडी ऋण अर्थिंगची, तरी कुणी मध्येच बदल केलेला नाही ना, हे मीटर लावून दोनदा पाहिलं.

काम असं केलं. टाकीत पेट्रोल पाव टाकीहून कमी ठेवलं, नाहीतर नळी सुटताच धार लागते. गाडी अंगणात, उघड्यावर. सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, त्यांची अर्थिंगची वायर सोडली. मागची बाजू जॅकने उचलून खाली घोड्या लावल्या, चाक काढलं. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत आणि त्यातल्या एकाचं काय झालं तेही पाहिलं आहे. पंपाला दोन वायरी, एक पांढरी चावीकडून येणारी, एक काळी अर्थिंगची. दोन नळ्या, एक टाकीकडून, एक इंजिनाकडे. पट्टीचे नट गंजले होते, आदल्या रात्री तेल सोडून ठेवलं म्हणून सुटले. नवा पंप बसवून चावी फिरवली तर आवाज नाही. पोटात गोळा आला. मीटरने पाहिलं, पांढऱ्या वायरीत वीज होती. काळ्या वायरीचं टोक जिथे चेसिसला बसतं तिथे गंजाचा थर होता. पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला, नट आवळला, आणि टिकटिक सुरू झाली. पंप मेला म्हणून बदलणाऱ्या किती जणांचा पंप खरं तर चांगला असेल आणि अर्थिंग गेलेलं असेल, कोण जाणे.

जुना पंप मी टाकून दिला नाही. स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून उघडला. पॉइंटवर खड्डे पडले होते, एका बाजूला काळा, दुसऱ्या बाजूला निळसर रंग. पडदा काढून बोटांत धरला तर वाळलेल्या पापडासारखा ताठ. नवा पडदा आणि पॉइंट घालून तो पुन्हा जुळवला. जुळवणीची रीत फार सुंदर आहे. पडदा आट्यांवर फिरवत आत घेत जायचं आणि दर थोड्या वेळाने अंगठ्याने दाबून बघायचं. एका टप्प्यावर पॉइंट ‘टक’ करून उलटायचे थांबतात. मग मागे फिरवत यायचं. जिथे ते पुन्हा नुकते उलटायला लागतात तिथून आणखी चार भोकं मागे. कडेला सहा भोकं असतात, म्हणजे एका फेऱ्याचा दोन तृतीयांश भाग. हा हिशेब डोळ्यांनी दिसत नाही, अंगठ्यालाच कळतो. तो पंप आता डिकीत फडक्यात गुंडाळून ठेवला आहे, सुटा म्हणून.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं त्या मुद्द्यावर येते.

पंप इथेनॉलमुळे गेला असं मी म्हणणार नाही. पॉइंट वयामुळे आणि गाडी हिवाळाभर उभी राहिल्यामुळे गेले. पण त्याच दिवशी इंजिनाकडची रबरी नळी तपासली. बाहेरून ठीक दिसत होती. सोडायला गेले तर मऊ लागली, फुगलेली, आणि बोटाला काळं लागलं. उभी चिरली तर आतला थर चिकट झाला होता आणि नखाने सुटत होता. कार्बोरेटरचं भांडं उघडलं, तळाशी मिरीच्या भुकटीसारखे काळे कण. ही नळी त्याच तापलेल्या मॅनिफोल्डच्या वर आहे. ती फुटली असती तर काय झालं असतं, हे चौकोनी पंपाच्या वेळी माझ्या लक्षात आलंच होतं.

नळी किती जुनी होती ते मला ठाऊक नाही, सगळा दोष पेट्रोलला देता येणार नाही. पण रबर आतून विरघळतं ते उगाच नव्हे. त्या काळच्या गाड्यांतलं रबर, कॉर्कच्या गास्केट, कॉर्कच्या फ्लोटवरचं लाखेचं लेपण, हे सगळं नुसतं पेट्रोल डोळ्यांसमोर ठेवून केलेलं होतं. इथेनॉल त्यात शिरतं, ते फुगवतं, मऊ करतं. शिवाय ते हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाला बसतं आणि पत्रा गंजतो. आणि तेवढ्याच लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालं, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. पण सरकारने त्याच वेळी एक गोष्ट केली. वरच्या दर्जाचं पेट्रोल ई५ ठेवलं आणि जुन्या गाडीवाल्यांना सरळ सांगितलं की तुम्ही ते वापरा. आपली गाडी कुठल्या पेट्रोलला चालते ते सरकारी संकेतस्थळावर तपासता येतं. आणि पंपावर, नोझलवर गोल चिकटपट्टी असते, त्यात ठळक ई५ किंवा ई१०. पेट्रोलला गोल, डिझेलला चौकोनी. मी दोन वर्षं काटकसर म्हणून ई१० भरत होते, ही चूक माझी. पण ती मी आकडा वाचून, जाणूनबुजून केली. आता लिटरमागे काही पेन्स जास्त देऊन ई५ भरते.

दिवाळीला कोल्हापूरला आले होते. भाऊ अजून वडिलांची चेतक चालवतो. नवी घ्यायची ऐपत नाही असं नाही, पण ती चालते आणि ती वडिलांची आहे. व्हरांड्यात पेट्रोलचा वास येत होता. टाकीखालच्या कॉकपासून कार्बोरेटरला जाणारी नळी पाहिली तर माझ्या एमजीबीसारखीच फुगलेली, कॉकची गास्केट भिजलेली. त्याच्याबरोबर पेट्रोल भरायला गेले. नोझलवर काही लिहिलेलं नव्हतं. भरणाऱ्या मुलाला विचारलं, यात इथेनॉल किती? तो म्हणाला, “ताई, सगळीकडं हेच येतंय.” त्याचा काही दोष नाही, त्याला कुणी सांगितलेलं नसणार.

भारतात फेब्रुवारी २०२३ मध्ये ई२० ची सुरुवात झाली आणि वीस टक्क्यांचं जे उद्दिष्ट आधी २०३० साठी होतं ते २०२५ मध्येच गाठलं गेलं. वेग कौतुकाचा आहे. मळीपासून इथेनॉल करून कारखान्याच्या हातात पैसा येतो आणि उसाचं बिल वेळेवर निघायला मदत होते, हे माझ्या चुलत्यांच्या घरात दिसतं. म्हणून इथेनॉल बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे भाग ई२० सोसतील असे केले गेले, त्याआधीच्या गाड्यांचं काय? नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलं आहे की आधीच्या चारचाकींचं मायलेज सहा-सात टक्के आणि दुचाकींचं तीन-चार टक्के घटू शकतं. हे सरकारला माहीत होतं, मग ते नोझलपाशी उभ्या असलेल्या माणसालाही माहीत असायला हवं.

इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. निर्णय शिरसावंद्य. पण पर्याय द्यायला न्यायालयाने सरकारला मनाई केलेली नाही. याच केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली, नंबरप्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं दिली, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क ठेवलं. म्हणजे ही वाहनं जपण्याजोगी आहेत हे मान्य केलं. मग त्यांना सोसेल असं पेट्रोलही कुठेतरी मिळू द्या. प्रत्येक जिल्ह्याच्या गावी एका पंपावर एक नोझल कमी इथेनॉलच्या पेट्रोलचं ठेवा, दर जास्त लावा. ज्याला हवं तो देईल.

आणि हा प्रश्न रॅलीत मिरवणाऱ्या गाड्यांचा आहे असं कृपया कुणी समजू नये. माझी गाडी हौसेची आहे, बंद पडली तर मी बसने शाळेत जाते. पण जुनी एम-एटी घेऊन दूध घालणारा, लुना घेऊन बाजाराला जाणारा, वीस वर्षांच्या स्कूटरवर मुलीला क्लासला सोडणारा माणूस आमच्या तालुक्यात घरोघर आहे. त्याची नळी फुटली तर त्याला आगीचा धोका आणि दिवसाचा खाडा दोन्ही.

तोवर एवढं तरी करा. मिस्त्रीला सांगून पेट्रोलची रबरी नळी बदलून घ्या, इथेनॉल सोसणारी मागा. इथे तिच्यावर ‘आर ९’ असा शिक्का असतो. साध्या नळीपेक्षा महाग असते, पण लागते वीतभर. कॉकची गास्केट, फ्लोटच्या सुईचं टोक आणि पंप असेल तर त्याचा पडदा त्याच वेळी पाहून घ्या. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकीतलं पेट्रोल जुनं होऊ देऊ नका. आणि पेट्रोलचा वास आला तर ‘जुनी गाडी आहे, येणारच’ असं म्हणून सोडून देऊ नका.

भावाच्या स्कूटरला मी सोबत नेलेल्या नळीतला तुकडा कापून बसवला. गेल्या आठवड्यात फोनवर विचारलं, तर व्हरांड्यात वास येत नाही म्हणाला. कॉकची गास्केट मात्र पुन्हा भिजायला लागली आहे. ज्या पंपावर तो भरतो तिथल्या नोझलवर अजून काहीही लिहिलेलं नाही. तेल कंपन्या आणि जिल्हा पुरवठा अधिकारी यांनी निदान तेवढं करावं, ही आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती.

आपली एक वाचक,
मूळ गाव शिरोळ तालुका, जि. कोल्हापूर
सध्या ॲबिंग्डन, इंग्लंड